हजारावी स्ट्रिप

जगात सगळ्यात जास्त खपणारा विद्युत-रासायनिक सेन्सर फारसा संवेदनशील नाही. बहुतेकांनी तो पाहिलेला आहे: शुगर तपासायच्या मशीनबरोबर छोट्या डबीत येणारी ती स्ट्रिप. रक्तात साखर असते लिटरला पाच-सहा मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं माप), आणि रसायनशास्त्राच्या मापाने ही रग्गड झाली. प्रयोगशाळांची सध्याची चढाओढ चालते ती याच्या अब्जपट आणि त्याहूनही खालच्या मापांत, पिकोमोल-फेम्टोमोलमध्ये. या स्ट्रिपवर आज कुणी शोधनिबंध लिहून पाठवला तर ‘यात नवीन काय?’ असं विचारून संपादक परत पाठवतील. तरीही विद्युत-रासायनिक सेन्सरच्या सबंध कुळात आपल्याकडे घराघरांत पोचलेला जवळपास एवढा एकच. तो पोचला छपाईच्या जोरावर. सरकारी पैशातून सेन्सरचं संशोधन चालवणाऱ्या आपल्या व्यवस्थेने यातून घ्यायचा तो धडा घेतलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुदत संपलेली एखादी कोरी स्ट्रिप टाकून देण्याआधी उजेडात धरून पाहा. खाली पॉलिएस्टरचा तुकडा. त्यावर, बऱ्याच ब्रँडमध्ये, काळ्या कार्बन-शाईच्या दोन-तीन रेघा, मशीनच्या खाचेत जाणाऱ्या टोकापर्यंत. त्यांच्या जोडीला चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची शाई. वर इन्सुलेटरचा थर, आणि त्यात मुद्दाम सोडलेली इवलीशी खिडकी. त्या खिडकीत सुकवलेलं एन्झाइम आणि त्याच्याकडून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणारं रसायन. हे सगळं छापलेलं आहे, आणि बहुतेक वेळा लग्नपत्रिका आणि टी-शर्ट ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात त्याच तंत्राने. (काही कंपन्या सोन्याचा किंवा पॅलेडियमचा पातळ थर देऊन तो लेझरने कोरतात, पण तो प्रकार महागाचा.) प्रत्येक थराला वेगळी फ्रेम, वेगळी जाळी, वेगळी शाई, एक थर ओव्हनमध्ये सुकला की पुढचा. चारही थर एकमेकांवर नेमके बसायला हवेत. खिडकीची कड जरा पसरली की इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ बदलतं, क्षेत्रफळ बदललं की करंट बदलतो, आणि करंट बदलला की साखरेचा आकडा बदलतो. तो आकडा बघूनच माणूस इन्सुलिन टोचून घेतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. लेलँड क्लार्क यांनी एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली १९६२ मध्ये. तिच्यावर आधारलेलं पहिलं व्यापारी यंत्र अमेरिकेत १९७५ मध्ये आलं, ते प्रयोगशाळेत टेबलावर ठेवायचं. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्डच्या मंडळींनी इलेक्ट्रॉन पोचवायला फेरोसीन हा मध्यस्थ वापरून एन्झाइमचं ऑक्सिजनवरचं अवलंबित्व घालवलं, आणि १९८७ मध्ये मेडिसेन्स कंपनीचं पेनाएवढं मीटर छापील स्ट्रिपसकट बाजारात आलं. कल्पनेपासून घरापर्यंत पंचवीस वर्षं लागली. या पंचवीस वर्षांत इलेक्ट्रोड काही हजारपट संवेदनशील झाला नव्हता. एकसारखे लाखो इलेक्ट्रोड स्वस्तात काढता येऊ लागले, एवढंच झालं होतं. तेही सुरुवातीला पूर्ण साधलेलं नव्हतं. जुन्या मीटरबरोबर प्रत्येक डबीत एक कोड-चिप यायची, किंवा डबीवरचा कोड मशीनमध्ये घालावा लागायचा. आठवत असेल अनेकांना. ही छपाईची कबुलीच होती म्हणा ना: हा लॉट मागच्या लॉटसारखा निघालेला नाही, तेव्हा मशीनला तसं सांगून ठेवा. छपाई सुधारली आणि कोड गेला.

आज या मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७ ची २०१३ ची आवृत्ती, त्यात काय मागितलंय बघा. किती कमी साखर ओळखता येते, हा त्याचा मुख्य प्रश्न नाही. साखर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत आणि वर असेल तर १५ टक्क्यांच्या आत, असे शंभरातले किमान ९५ निकाल बसले पाहिजेत. आणि ते स्ट्रिपच्या तीन वेगवेगळ्या लॉटवर, प्रत्येक लॉटवर स्वतंत्रपणे. माझ्या मते सगळा शहाणपणा त्या तीन लॉटच्या अटीत आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. या माणसांच्या दृष्टीने प्रयोगशाळेत निघालेल्या पहिल्या, सुंदर स्ट्रिपला काही किंमत नाही. त्यांच्या हातात पडते ती कुठल्यातरी लॉटमधली हजारावी.

याचा अर्थ छपाईने संवेदनशीलता वाढत नाही असा कुणी घेऊ नये. वाढते, आणि तिथे काम फार सुरेख चाललंय. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात राहुल पानट यांच्या गटाने कोविडच्या काळात एरोसॉल जेट छपाईने सोन्याचे सूक्ष्म खांब उभे केले. नॅनोकणांच्या शाईचं धुकं करायचं, ते बारीक झोतात सोडायचं आणि थेंबावर थेंब रचत जायचं. त्या खांबांवर ग्राफीनच्या (एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या पत्र्याच्या) जातीचं लेपन, त्यावर विषाणूचं प्रथिन. रक्तातली प्रतिपिंडं त्याला चिकटली की विद्युत-रोध बदलतो आणि काही सेकंदांत उत्तर मिळतं. सपाट इलेक्ट्रोडऐवजी उभे, खडबडीत खांब घेतले की पृष्ठभाग वाढतो, आणि आजूबाजूच्या द्रवातून रेणू सगळ्या बाजूंनी येऊन आदळतात. इथे संवेदनशीलता आकारातून येते, आणि तो आकार छपाईशिवाय इतक्या सहज मिळत नाही. हृदयविकारात रक्तात येणारं ट्रोपोनिन घ्या. नव्या चाचणीत धोक्याची रेघ लिटरला १४ नॅनोग्रॅमच्या आसपास येते. तिथे मिलिमोलवाली स्ट्रिप काय कामाची? पाण्यातल्या शिशाची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ४८ नॅनोमोल. तिथेही संवेदनशीलता लागतेच. पण शिशाचा प्रश्न तत्त्वतः सुटलेला आहे: पूर्वी त्यासाठी पारा वापरत, २००० मध्ये जोसेफ वांग यांच्या गटाने दाखवून दिलं की कार्बनवर बिस्मथचा मुलामा दिला तरी भागतं. कार्बनही छापता येतो.

माझी तक्रार संवेदनशीलतेबद्दल नाही, तिच्या फॅशनबद्दल आहे. ‘किमान ओळखता येणारं प्रमाण’ हा आकडा शोधनिबंधाच्या सारांशात झळकतो. तो काढायची रूढ रीत अशी: कोऱ्या नमुन्याच्या वाचनांतला चढउतार घ्या, तिप्पट करा, आलेखाच्या चढाने भागा. स्वच्छ बफर (प्रयोगशाळेत बनवलेलं, भेसळ नसलेलं द्रावण), एकच इलेक्ट्रोड, थंडगार खोली असली की चढउतार इवलासा येतो आणि आकडा झक्कास दिसतो. मग अनेक निबंधांत एक ओळ येते, ‘तीन’ किंवा ‘पाच’ इलेक्ट्रोडवर पुनरावृत्ती तपासली. इलेक्ट्रोडवर नवा नॅनोपदार्थ चढवायचा तोही सहसा हाताने: मायक्रोपिपेटने थेंब सोडायचा आणि सुकू द्यायचा. चहाच्या कपाखाली डाग पडतो तसा तो थेंब कडेला दाट आणि मध्ये विरळ सुकतो, आणि दर वेळी वेगळा. अशा इलेक्ट्रोडच्या संवेदनशीलतेत पदार्थाचा वाटा किती आणि विद्यार्थ्याच्या हाताचा किती, हे सांगणं अवघड आहे.

या नॅनोपदार्थांच्या हव्यासाची टर प्रागच्या मार्टिन पुमेरा या रसायनशास्त्रज्ञाने २०२० मध्ये चांगलीच उडवली. त्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा घातली आणि विद्युत-उत्प्रेरक म्हणून (इलेक्ट्रोडवरची रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ म्हणून) ग्राफीन सुधारतं हे रीतसर मोजून, नामांकित नियतकालिकात छापून दाखवलं. विनोद होता, पण प्रयोग खरा होता. ग्राफीनमध्ये काहीही घाला, आकडा थोडा तरी वर जातो, आणि निबंधाला तेवढं पुरतं.

आता हे सगळं विहिरीवर घेऊन जाऊ.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात तपासलेल्या भूजलाच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि नायट्रेटच्या बाबतीत मानकात सवलत ठेवलेली नाही. तान्ह्या बाळांना याचा धोका विशेष. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. ४५ मिलिग्रॅम म्हणजे पुन्हा जवळपास पाऊण मिलिमोल. फेम्टोमोलचा इथे काही संबंध नाही. छापील स्ट्रिपवर नायट्रेट ओळखणारा पातळ पडदा द्यायचा आणि शेजारच्या चांदीच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं, एवढं तंत्र पुरतं. शुगरच्या स्ट्रिपसारखीच पाण्याची स्ट्रिप, आणि मोबाइलवर आकडा. स्वप्न छान आहे.

अडचण दिसते ती विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांचं भूजल मुळातच खारं आहे. छापील स्ट्रिपमधला चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड ज्याला स्थिर संदर्भ मानतो तो क्लोराइड बाहेरच्या पाण्यातूनच येतो. क्लोराइड दहापट झालं की त्याचं व्होल्टेज ५९ मिलिव्होल्टने सरकतं, दुप्पट झालं तरी जवळपास १८ ने. नायट्रेटची मोजणीही याच दहापटीच्या (लॉगरिदमच्या) मापाने चालते. त्यामुळे हिशेब असा पडतो की अशी उघडी स्ट्रिप नायट्रेट मोजतच नाही, ती नायट्रेट आणि क्लोराइड यांचं गुणोत्तर मोजते. प्रयोगशाळेत ज्यावर स्ट्रिप जुळवून घेतली त्या प्रमाण-द्रावणापेक्षा विहिरीत क्लोराइड दुप्पट असेल तर, बाकी सगळं ठीक धरलं तरी, ८० मिलिग्रॅम नायट्रेटचं पाणी ४० चं दिसेल. मर्यादेच्या आत! चूक नेमकी घातक दिशेनेच होते. सेन्सरची संवेदनशीलता हजारपट वाढवली तरी ही चूक तसूभर कमी होणार नाही, उलट ती जास्त दशांश स्थळांपर्यंत काटेकोर दिसेल.

यावर उपाय आहे आणि तो छपाईचाच आहे. चांदीच्या इलेक्ट्रोडवर मीठ भरलेल्या पॉलिमरचा आणखी एक थर द्यायचा, म्हणजे क्लोराइडचं प्रमाण आतल्या आत धरून राहतं आणि बाहेरच्या पाण्याला इलेक्ट्रोड फारशी दाद देत नाही. एक थर वाढला, एक फ्रेम वाढली. तो थर प्रत्येक स्ट्रिपवर सारख्या जाडीचा द्यायचा, तो भिजायला किती वेळ लागतो ते ठरवायचं, सहा महिने डबीत पडून राहिल्यावर त्याला भेगा जातात का ते बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे. यातून मोठ्या नियतकालिकात निबंध होणं कठीण, पीएचडी त्याहून कठीण. म्हणून आपल्याकडे ते सहसा कुणी करत नाही.

उन्हाचंही तसंच. शुगरच्या स्ट्रिपच्या डबीवर साधारणपणे ३० अंशांपर्यंत ठेवा असं छापलेलं असतं. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि औषधाच्या दुकानात एसी असतोच असं नाही. छपाईच्या बाजूनेही हवामान आडवं येतं. स्क्रीन प्रिंटिंगच्या कुठल्याही कारागिराला विचारा: दुपार झाली की सॉल्व्हंट उडतं, शाई घट्ट होते, जाळी भरते, पावसाळ्यात सुकण्याची वेळ बदलते. कार्बन-शाईत तर ग्राफाइटच्या कणांवर बाइंडरची (कण एकमेकांना चिकटवणाऱ्या पदार्थाची) साय धरलेली असते, आणि सुकवण्याचं तापमान इकडचं तिकडे झालं की इलेक्ट्रोड मंद होतो. हे ज्ञान आपल्याकडे आहे, पण ते पत्रिका छापणाऱ्याच्या हातात आहे. सेन्सरच्या निबंधात त्याला जागा नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सेन्सरसाठी सार्वजनिक पैसा द्यायचा तर तो विक्रमी किमान प्रमाणासाठी देऊ नये. छापलेल्या हजार स्ट्रिपांसाठी द्यावा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन असो, राज्याचा विज्ञान-निधी असो किंवा विद्यापीठाचा स्वतःचा, शेवटचा हप्ता एकाच अटीवर सुटावा: निरनिराळ्या दिवशी छापलेले किमान तीन लॉट, त्यांच्यातला फरक उघडपणे मांडलेला, आणि तपासणी दुसऱ्या कुणीतरी, संशोधकाला आधी न सांगितलेल्या नमुन्यांवर केलेली. शुगरच्या स्ट्रिपला जी परीक्षा द्यावी लागते तीच पाण्याच्या आणि मातीच्या स्ट्रिपलाही.

यावर प्राध्यापक मंडळींचा आक्षेप मी ऐकलेला आहे: विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे, आमचं काम नवं ज्ञान निर्माण करणं. बरोबर आहे. पण मग प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ‘ग्रामीण भारतासाठी स्वस्त सेन्सर’ असं लिहू नये. मूलभूत विद्युत-रसायनशास्त्र करायचं असेल तर त्या नावाने पैसे मागावेत. तेही मिळायलाच हवेत, आणि ते कमी मिळतात हे मला मान्य आहे. माझी हरकत आहे ती गावाचं नाव पुढे करून आकड्यांची शर्यत लढवण्याला. शिवाय सारख्या स्ट्रिप कशा छापाव्यात हाही ज्ञानाचाच प्रश्न आहे. शाई जाळीतून कशी वाहते, थेंब कसा पसरतो, थर आकसताना कुठे फाटतो, या गोष्टींचं भौतिकशास्त्र चांगलं भारदस्त आहे. फक्त त्याला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. अनेक प्रयोगशाळा कोरे छापील इलेक्ट्रोड परदेशातून मागवतात, त्यावर आपला पदार्थ लावतात आणि निबंध लिहितात. म्हणजे ज्या भागात खरी मेख आहे तोच भाग आपण विकत घेतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलं जातं. त्यांच्याकडे रंग बदलणाऱ्या रसायनांचे किट आहेत, ते स्वस्त आहेत आणि चालतात. मग हा इलेक्ट्रॉनिक खटाटोप कशाला? त्यांचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. रंगाचं किट निदान खोटा आत्मविश्वास देत नाही. बाईला दिसतं की रंग मधलाच आहे, नक्की सांगता येत नाही. डिजिटल आकडा मात्र ठाम असतो, चुकीचा असला तरी. वाईट छापलेली स्ट्रिप गावात देण्यापेक्षा रंगाचं किट परवडलं. पण रंग बघायचा तो कोणाच्या डोळ्यांनी, कुठल्या उजेडात? वहीत लिहिलेला ‘फिकट गुलाबी’ पुढच्या वर्षीच्या ‘गुलाबी’शी ताडून बघता येत नाही. एकाच विहिरीचं नायट्रेट दहा वर्षांत कसं चढत गेलं हे बघायचं असेल, तर आकडा हवा, आणि दहाही वर्षं तो एकाच मापाचा हवा. मातीचंही हेच आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या जात आहेत, नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि पेरणीआधी शेताच्या बांधावर काय चाललंय ते कळायला शेतकऱ्याकडे साधन नसतं.

हे सगळं उभं करायला लागणारी माणसं आणि जागा नाहीत असं कुणी म्हणू नये. पुण्यात सी-मेट आहे, इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी केंद्राची संस्था. कानपूरच्या आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. राज्यात स्क्रीन प्रिंटिंगचे हजारो कारागीर आहेत, त्यातल्या कित्येकांचा धंदा व्हॉट्सअॅपवरच्या पत्रिकांनी खाल्ला. यांना एका खोलीत आणायला नवी इमारत लागत नाही. लागते एक स्वच्छ, वातानुकूलित खोली, एक बऱ्यापैकी अर्धस्वयंचलित छपाईयंत्र आणि छपाई जाणणाऱ्या माणसासाठी कायमस्वरूपी पद. यंत्रं अनुदानातून येतात. पद मंजूर होत नाही. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की हात बसलेला तंत्रज्ञ जातो आणि यंत्रावर कव्हर चढतं. मला विचाराल तर सगळ्या मागण्यांत पहिली मागणी या पदाची आहे. साधनं विकत आणता येतात. शाई कधी थांबवायची आणि कधी पातळ करायची हे कळणारं माणूस घडायला वर्षं जातात, आणि त्याला पगार कुठल्या शीर्षाखाली द्यायचा हे आपल्या अर्थसंकल्पांना अजून सुचलेलं नाही.

आणि परीक्षेची सोयही तयारच आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या हजारो निरीक्षण विहिरी आहेत, प्रयोगशाळा आहेत, जुन्या नोंदी आहेत. पावसाळ्याआधी आणि नंतर तिथून नमुने घेताना एकेक बाटली जास्त भरावी. काही खारपाणपट्ट्यातल्या, काही कोकणात समुद्रालगतच्या, काही सह्याद्रीच्या पायथ्याच्या, जिथे पाण्यात क्षार इतके कमी असतात की वेगळीच पंचाईत होते. वर नुसता क्रमांक टाकावा. ‘आमचा सेन्सर शेतात चालतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक गटाला त्या बाटल्या आणि पंधरा दिवस द्यावेत, उत्तरं लिहून घ्यावीत, आणि यंत्रणेच्या स्वतःच्या आकड्यांशेजारी संकेतस्थळावर टाकावीत, गटाच्या नावासकट.